प्लेअरला न चालणारा आवाज

डहाणू स्टेशनच्या बाहेर माझं मोबाईलचं दुकान आहे आणि मला राग लवकर येतो. या दोन्ही गोष्टी गावाला माहीत आहेत. "जतीनभाई, हे गाणं का वाजत नाही?" असं कुणी विचारलं तर मी सांगतो. "तुमचं मशीनच बिघडलेलं दिसतं," असं म्हटलं की मात्र त्या गिऱ्हाइकाचं काही खरं नसतं. चिकूची वाडी भाऊ बघतो, मी वीस वर्षं लोकांना गाणी भरून देण्यात घालवली. आधी सीडी, मग पेनड्राईव्ह, मग नखाएवढी मेमरी कार्डं. या कामात माझा हात धरणारा डहाणूत कुणी नव्हता, आणि हे मीच सांगतोय म्हणून खोटं नाही.

गाण्याच्या फायलींना जाती असतात. एमपीथ्री कुठेही वाजते. बाकीच्यांचे नखरे असतात. कुठली या फोनला चालत नाही, कुठली त्या गाडीत चालत नाही. त्यांत सगळ्यांत वैताग आणायची ती एएमआर. जुन्या बटणांच्या फोनवर आवाज रेकॉर्ड केला की ही फाईल तयार व्हायची. फोनवर ती वाजायची, पण तेव्हा घरोघरी असलेल्या चिनी डब्यावर वाजायची नाही. डबा म्हणजे तो लाल स्पीकर, कार्ड घातलं की गाणी लावणारा. एएमआर आली की तो जागच्या जागी अडकायचा आणि माणसं थेट माझ्याकडे यायची, "जतीनभाई, डबा बंद पडला."

म्हणून मी माझी एक पद्धत पाडली होती. कार्ड आलं की आधी पूर्ण कोरं करायचं, मग त्यात गाणी भरायची. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या यात्रेआधी तर तलासरीपासूनची माणसं कार्डं घेऊन रांग लावायची. कुणाच्या कार्डात काय आहे हे बघत बसलो असतो तर दुपारचं जेवण संध्याकाळी झालं असतं. वर प्रत्येक गाण्याच्या नावापुढे मी 'जतीन मोबाईल डहाणू' असं टाकायचो. समोरच्या दुकानदाराच्या पोटात दुखावं, हा एक हेतू त्यात होताच.

आता कार्डं भरायला कुणी येत नाही. सगळ्यांच्या फोनमध्ये नेट आहे. मी काचा बदलतो, चार्जर विकतो आणि बायकोशी भांडतो. बायको दिशा, माहेर उंबरगावचं. दुपारपर्यंत ती दुकानात बसते आणि माझं बोलणं ऐकून गिऱ्हाईक पळून जाऊ नये एवढं बघते.

मागच्या मंगळवारी सकाळी दोघीजणी आल्या. एक पंचेचाळिशीची, खांद्याला पर्स. दुसरी तिची सासू, सत्तरीच्या पुढची, काटक, आणि गळ्याभोवती सुती रुमाल घट्ट गुंडाळलेला. दिशाने म्हातारीला स्टूल दिलं. धाकटीने पर्समधून कापडाची पुरचुंडी काढली. तीन गाठी सोडल्यावर आत एक मेमरी कार्ड निघालं.

"भाऊ, याच्यात आईचं गाणं हाय," ती म्हणाली. "फोनमधी दिसत नाय. नुसती पिक्चरची गाणी दिसतात. जुनी फाईल नव्या फोनला दिसत नसेल, नाय का?"

म्हातारी मान हलवत होती. सुनेच्या दंडाला धरून ती दाराकडे ओढत होती.

"आई येतच नव्हती. काय नाय त्याच्यात, काय नाय, एवढंच चाललंय. मीच आणली," सून म्हणाली.

धाकटीचं नाव चंद्रिका, सासूचं रखमी. उधव्याच्या एका पाड्यावरून सकाळच्या जीपने तलासरी आणि तिथून एसटीने डहाणू असं करत त्या आल्या होत्या. रखमीआजी धवलेरी. आमच्या भागात हे सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. वारल्यांच्या लग्नात लग्न लावते ती ही बाई. तिची गाणी झाल्याशिवाय लग्न लागत नाही. रखमीआजीने चाळीस वर्षं पाड्यावरची लग्नं लावली होती. दिवाळीच्या सुमाराला तिच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता तोंडाशी कान नेला तर जेमतेम ऐकू यावं एवढी कुजबूज उरली होती. तिच्या जोडीने गाणारी दुसरी म्हातारी आदल्या वर्षीच वारली होती.

"रविवारी आमच्या पाड्यावरच्या बारक्याच्या पोरीचं लगीन हाय," चंद्रिका सांगत होती. "मी म्हणायचं असं ठरलंय. शब्द सगळे आईने सांगितले, मी पाठ केले. पण लगीन लागताना जे म्हणतात ना, त्याची चाल मधीच वळते. ते वळण मला येत नाय. शब्द कानात सांगता येतात भाऊ, चाल कशी सांगणार?"

"दुसऱ्या गावची धवलेरी आणा," मी आपलं सुचवलं.

"ती तिच्या गावची चाल म्हणेल. आईने लावलेली सगळी लग्नं या चालीवर लागली. बारक्याचं पण. तो बोलतो, माझ्या पोरीला दुसरी नको."

मग दुकानात माझ्यासमोर, चार्जर लटकवलेल्या फळीखाली उभी राहून, तिने ते गाणं धरलं. आवाज चांगला होता तिचा. चार ओळी गेल्या, पाचवीला रखमीआजीने स्वतःच्या मांडीवर थाप मारली आणि मान हलवली. चुकलं. चंद्रिकाने दुसऱ्या तऱ्हेने म्हटलं. पुन्हा थाप. तिसऱ्या वेळी म्हातारीने तोंड उघडलं, मानेच्या शिरा ताणल्या, आणि नुसती हवा बाहेर आली. मला तिकडे बघवेना.

"पाच महिने असंच चाललंय," चंद्रिका म्हणाली. "मंग मला आठवलं. माझ्या नवऱ्याने, सुदामने, एका लग्नात आईचं गाणं फोनमधी भरलेलं. बारा-तेरा वर्षं झाली. काल पेटीत हे कार्ड गावलं. आईने कापडात बांधून ठेवलेलं."

आता मला अवसान चढलं. "बटणांचा फोन होता ना? मग ती एएमआर फाईल असणार. नव्या फोनला ती कळत नाही, मला कळते. पाच मिनिटांत तुमची आई गायला लागते का नाही बघा."

मी कार्ड कॉम्प्युटरला लावलं. पडद्यावर यादी उघडली. दोनशे बारा गाणी, सगळी एमपीथ्री. एएमआर एकही नाही. आणि प्रत्येक नावापुढे, वरपासून खालपर्यंत दोनशे बारा वेळा, 'जतीन मोबाईल डहाणू'.

हे कार्ड माझ्या हातून गेलेलं होतं. त्यात गाणी मी भरलेली होती. आणि भरण्याआधी मी ते कोरं केलेलं होतं, कारण माझी ती पद्धत होती.

"दिसलं?" चंद्रिकाने विचारलं.

"कार्ड जुनं आहे," मी म्हणालो. "जुन्या कार्डातल्या फायली कधी कधी आपोआप उडतात."

माझा पडदा त्या दोघींना दिसत नव्हता, पण दिशाला दिसत होता. तिने यादी वाचली, मग माझ्याकडे बघितलं. ती चिडली की गुजराती बोलते.

"शुं कर्युं तमे आ?" ती हळूच म्हणाली, हे काय केलंत म्हणून.

"काय झालं?" चंद्रिकाने विचारलं.

"काही नाही. थोडा वेळ लागेल," मी म्हणालो.

रखमीआजी एकटक माझ्याकडे बघत होती. तिच्या बघण्यात राग नव्हता. मी पडद्याच्या आड झालो.

पुसलेली फाईल लगेच मरत नाही. कार्ड कोरं केलं तरी तिचं फक्त नाव जातं, आवाज जिथल्या तिथे पडून असतो. त्या जागेवर दुसरं गाणं येऊन बसलं की मग तो खरा जातो. दोनशे बारा गाणी येऊन बसली होती. पण कार्ड पूर्ण भरलेलं नव्हतं. शेवटची थोडी जागा मोकळी होती. कार्ड भरलं त्या दिवशी गिऱ्हाइकाच्या एसटीची वेळ झाली असेल, नाहीतर मला भूक लागली असेल. माझ्या कष्टाने त्या बाईचं गाणं गेलं होतं आणि काही उरलं असेल तर ते माझ्या आळसाने.

मी पुसलेल्या फायली शोधायचा प्रोग्राम लावला. दिशाने दोघींना चहा दिला. चंद्रिका ओठातल्या ओठात चाल म्हणत राहिली आणि म्हातारीचा हात अधूनमधून मांडीवर पडत राहिला. प्रत्येक थाप मला ऐकू येत होती.

तासाभराने प्रोग्रामने एक तुकडा काढून दिला. एवढासाच, आणि वाजेना. एएमआर फाईलच्या तोंडाशी ठरावीक अक्षरांचा एक शिक्का असतो. तो दिसला तरच प्लेअर तिला ओळखतो. या तुकड्याचं तोंडच उडालेलं होतं. मी खणातून एक जुना बटणांचा फोन काढला, चार्ज केला, त्यात "हॅलो, हॅलो" असं रेकॉर्ड केलं, त्या फाईलचा शिक्का कापला आणि या तुकड्याला चिकटवला. वाजवलं तर नुसती खरखर. सुरुवात कुठून धरायची ते नेमकं जुळावं लागतं. थोडं पुढे सरकून कापलं, पुन्हा खरखर. मी देवाचं नाव घेणारा माणूस नाही, पण त्या दिवशी महालक्ष्मीला म्हटलं, बाई, एवढं एक कर.

नवव्या खेपेला खरखर थांबली. लांबून कुत्रं भुंकलं. कुणीतरी कुणाला तरी पाणी आणायला सांगितलं. आणि मग एक बाई गायला लागली.

आवाज गोड नव्हता. भरदार होता, मांडवभर पुरेल असा. मी त्याची एमपीथ्री केली आणि दुकानाच्या मोठ्या स्पीकरवर लावली. चंद्रिकाच्या हातातला कप कलंडून चहा साडीवर सांडला, तिने खालीही बघितलं नाही. चार ओळी गेल्या. पाचवीला आवाज खाली उतरेल असं मला वाटलं होतं. तो वर गेला, तिथे क्षणभर थांबला आणि मग एका बाजूने घसरत खाली आला. सहावी ओळ निम्मी झाली आणि तुकडा संपला. एक मिनिट दहा सेकंद.

"हेच," चंद्रिका म्हणाली. "हेच ते वळण. परत लावा."

मी परत लावलं. तिसऱ्या खेपेला ती बरोबर म्हणायला लागली आणि पाचव्या खेपेला मी स्पीकर बंद केला तरी ती थांबली नाही. आवाज वर गेला, थांबला, घसरत उतरला. मी रखमीआजीच्या हाताकडे बघत होतो. हात मांडीवर पडला नाही. लग्न लागणार होतं.

मला सुटल्यासारखं झालं, खोटं कशाला सांगू. आता कार्ड परत करायचं, फाईल चंद्रिकाच्या फोनमध्ये टाकायची, गोड बोलून दोघींना एसटीला लावायचं, आणि झालेलं कुणाला कळायचंही नाही.

पण म्हातारी चंद्रिकाकडे बघतच नव्हती. तिची नजर स्पीकरवर होती. ती उठली, स्पीकरच्या जाळीला तिने बोट लावून बघितलं आणि सुनेच्या कानाशी काहीतरी बोलली. चंद्रिकाला ते समजलं नसावं. तिने पुन्हा बोलायला लावलं.

"आई विचारते," चंद्रिका गोंधळून म्हणाली, "माझा आवाज चालतो का याच्यात?"

"चालतो म्हणजे? आत्ता वाजला ना," मी म्हणालो.

रखमीआजीने मला जवळ बोलावलं. मी काउंटरच्या बाहेर आलो आणि तिच्या स्टुलाशी उकिडवा बसलो. तिच्या तोंडाशी कान नेला. एकेक शब्द मध्ये थांबत, श्वास घेत येत होता.

"तूच बोल्लेलास," ती म्हणाली. "चालत नाय म्हणून."

"मी? कधी?"

मग तिने सांगितलं. तेव्हा ती हे कार्ड घेऊन आली होती, डबा अडकतो म्हणून. मी भरून दिलं. घरी जाऊन लावलं तर तिचं गाणं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती उधव्याहून परत आली, एकटी. माझ्या दुकानात गर्दी होती. तिने विचारलं, माझं गाणं कुठे गेलं. आणि मी तिला म्हणालो होतो, "ते कचरा होतं, काढून टाकलं. तुझा आवाज याच्यात चालत नाही."

मला यातलं काहीही आठवत नाही. तिचा चेहरा आठवत नाही, तो दिवस आठवत नाही. पण शब्द माझेच आहेत. असेच मी बोलायचो, दिवसातून दहा जणांना. 'तुझा आवाज'ऐवजी 'ही फाईल' चालत नाही म्हणायला जीभ जड झाली नसती. दिशा नेहमी म्हणते, उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि मी नेहमी तिच्यावर ओरडतो.

"आजी, मी फाईलबद्दल बोललो असेन," मी म्हणालो. "फाईलची जात चालत नव्हती. तुमच्या आवाजाला काही झालं नव्हतं. आणि ते गाणं मीच पुसलं, कार्ड आपोआप नाही उडालं. मघाशी खोटं बोललो मी."

"तू पुसलं ते ठाव हाय," ती कुजबुजली. "दुसरं ठाव नव्हतं. मला वाटलं, मशीनला आमचं गाणं चालत नाय."

चंद्रिका भिंतीला टेकली. "म्हणून," ती म्हणाली. "म्हणून आई तू कुणाला भरू दिलं नाय."

आणि मग चंद्रिकाच सांगायला लागली, एकामागून एक. शाळेच्या बाई दोनदा मोठा फोन घेऊन आल्या होत्या. म्हातारीने त्यांना अंगणातूनच परत पाठवलं. सुदामने नवा फोन घेतला तेव्हा, लग्नात कुणी फोन पुढे केला तेव्हा, तिने गाणं थांबवून पदर तोंडावर घेतला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सुदाम रडून म्हणाला होता, आई, एकदा म्हण, मी भरून ठेवतो. तेव्हाही ती नाही म्हणाली. घरच्यांना वाटायचं, म्हातारीला देवाचं गाणं मशीनमध्ये दिलेलं आवडत नाही. ती फक्त एवढंच म्हणायची, उगाच कशाला, वाजायचं नाय ते.

बारा-तेरा वर्षं. धडधाकट आवाज होता तोवर. मी पुसलं ते एका रात्रीचं गाणं होतं. माझ्या एका वाक्याने पुढची सगळी पुसली होती, आणि ती शोधून द्यायला कुठला प्रोग्राम नाही. आणि माझ्या दुकानात रांगेत उभी राहिलेली बाकीची माणसं, त्यांच्या कार्डांत कुणाकुणाचे आवाज होते? मी उकिडवाच राहिलो. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

"कार्ड कशाला ठेवलंत मग, आजी?" दिशाने विचारलं. "त्यात काही नव्हतं तर?"

म्हातारीने खांदे उडवले. चंद्रिकाने कान पुढे केला आणि सांगितलं, "आई बोलते, एकदा होतं ना त्याच्यात."

बाहेर रिक्षावाला तलासरीची सीट ओरडत होता. रखमीआजीने चंद्रिकाच्या पर्समधून तिचा फोन काढून घेतला आणि माझ्यासमोर धरला. मग बोटाने स्वतःचं तोंड दाखवलं.

"आता चालंल?" तिने विचारलं. "एवढासा हाय. तरी चालंल?"

"चालेल, आजी," मी म्हणालो. "कसाही चालेल."

दिशाने पंखा बंद केला आणि शटर अर्ध्यावर ओढलं. मी रेकॉर्डरचं बटण दाबलं आणि फोन म्हातारीच्या ओठांजवळ नेला. तिने डोळे मिटले. मानेवरच्या शिरा ताणल्या गेल्या. लग्नाच्या गाण्याची पहिली ओळ तिने म्हटली, आणि फोनच्या पडद्यावरची ती आवाज दाखवणारी रेघ जेमतेम हलली. मी फोन आणखी जवळ नेला.